३ रुपये ३६ पैसे: आमच्या घरातील वीज, सिलिंडर आणि पाइपगॅस यांचे परीक्षण

आमच्या घरातील बिलांच्या फायलीत दोन कागद असे आहेत, की त्यांच्यात दहा वर्षांचे अंतर असूनही एक आकडा दोहोंवर सारखाच आहे. ऑगस्ट २०१२ च्या दरवाढीनंतरच्या वीजबिलात पहिल्या शंभर युनिटांचा दर युनिटला ३ रुपये ३६ पैसे आहे आणि २०२२-२३ च्या बिलातही तो ३ रुपये ३६ पैसेच आहे. एवढाच आकडा पाहणाऱ्याला वाटावे, की दहा वर्षांत निदान गरिबाची वीज महागली नाही. प्रत्यक्षात महिन्याला १८० युनिटे जाळणाऱ्या आमच्यासारख्या घराचे बिल, इंधन आकार आणि सरकारी शुल्क बाजूला ठेवले तरी, २०१२ च्या दराने ८६० रुपये होते आणि २०२२-२३ च्या दराने १,२७१ रुपये २० पैसे होते. मधल्या ४११ रुपयांपैकी १०३ रुपये दुसऱ्या टप्प्याच्या वाढीव दराचे आहेत आणि ६५ रुपये स्थिर आकाराचे. उरलेले २४३ रुपये ‘वहन आकार’ या ओळीतून आले आहेत. ही ओळ २०१२ च्या बिलावर स्वतंत्रपणे नव्हतीच. तारांवरून वीज वाहून आणण्याचा खर्च तेव्हा विजेच्या दरातच धरलेला असे.

परीक्षण साधारणपणे नव्या वस्तूचे लिहिले जाते. मी मात्र वर्षानुवर्षे वापरलेल्या तीन सेवांचे लिहिणार आहे: वीज, गॅसचा सिलिंडर आणि पाइपमधून येणारा गॅस. आम्ही मुलुंडला राहतो. घरात चार माणसे, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एक गीझर, एक वातानुकूलन यंत्र आणि जुनी पण तंदुरुस्त शेगडी. मुलुंड आणि भांडुप ही उपनगरे मुंबई महापालिकेच्या हद्दीत असली, तरी येथे वीज राज्याच्या वितरण कंपनीची येते. त्यामुळे नाशिक किंवा सांगली येथील घराला जो दर, तोच आम्हाला. घाटकोपरला राहणाऱ्या माझ्या नणंदेचे बिल निराळ्या कंपनीचे आणि निराळ्या दराचे असते. त्यामुळे दिवाळीत एकत्र जमल्यावर “तुमचे लाइट बिल किती आले?” या विषयावर होणारी आमची चर्चा तासभर चालून कोणत्याही निष्कर्षाला पोहोचत नाही.

प्रथम वीज. राज्यातील विजेचे दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो, ही गोष्ट अनेक ग्राहकांना अजूनही माहीत नसते. जून २००५ मध्ये जुन्या वीज मंडळाची विभागणी होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या वेगळ्या कंपन्या झाल्या, पण लोकांच्या तोंडी ‘एमएसईबी’ राहिले ते राहिलेच. बिल कंपनी पाठवते. मात्र कोणत्या ओळीत किती पैसे घ्यायचे, हे आयोगाच्या आदेशात लिहिलेले असते आणि ते आदेश कोणालाही वाचता येतात. मी हिशेब खात्यात नोकरी केली असल्यामुळे मला ते वाचण्याची खोड आहे. ती नसती, तर बिलावरील आकड्यांमागे काय चालले आहे, हे केवळ बिल वाचून मला कधीच समजले नसते, आणि या सेवेविषयीचे माझे मुख्य म्हणणे याच मुद्द्याशी येऊन थांबते.

घरगुती वीज टप्प्यांनी आकारली जाते. पहिली शंभर युनिटे स्वस्त, १०१ ते ३०० महाग, ३०१ ते ५०० त्याहून महाग आणि त्यापुढची सर्वांत महाग. टप्पा ओलांडला म्हणून आधीची युनिटे महागत नाहीत, पुढची तेवढी महागतात. पुष्कळ सुशिक्षित माणसांचाही येथे गैरसमज असतो. मार्च २०२३ च्या आदेशाने पहिल्या टप्प्याचा वीज आकार ३.३६ वरून प्रथम ४.४१ आणि एप्रिल २०२४ पासून ४.७१ रुपये झाला. दुसऱ्या टप्प्याचा ७.३४ वरून ९.६४ आणि मग १०.२९ झाला. वहन आकार मात्र १ रुपया ३५ पैशांवरून १ रुपया १७ पैशांवर उतरला. स्थिर आकार १०५ वरून ११६ आणि पुढे १२८ रुपये झाला. २०१२ मध्ये तो ४० होता. एका ओळीतले पैसे कमी झाले आणि शेजारच्या दोन ओळींत वाढले, त्यामुळे ज्याने केवळ वहन आकार पाहिला त्याला दिलासा मिळाला आणि ज्याने एकूण रक्कम पाहिली त्याच्या कपाळाला आठी पडली. आमच्या १८० युनिटांचे बिल या दराने १,६३२ रुपये ८० पैसे झाले. त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरले, की १,८९४ रुपये. म्हणजे शुल्क वगळता, आधीच्या दहा वर्षांत ४८ टक्के वाढलेले बिल पुढच्या दोन वर्षांत आणखी २८ टक्के वाढले.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. २०२३ ची वाढ दिसते तितकी अचानक नव्हती. २०२२ च्या उन्हाळ्यात देशभर कोळशाची टंचाई होती, परदेशी कोळसा भडकला होता आणि त्याचा भार इंधन समायोजन आकाराच्या रूपाने जूनपासूनच बिलावर आला होता. पहिल्या शंभर युनिटांवर ६५ पैसे आणि पुढच्या दोनशेवर १ रुपया ४५ पैसे अशी ती वसुली होती. त्यामुळे आम्ही खिशातून देत असलेली रक्कम आधीच वाढलेली होती. आयोगाच्या नव्या आदेशाने त्या वाढीला दरपत्रकात कायमची जागा दिली, एवढेच. इंधन समायोजन ही बिलावरची सर्वांत बेभरवशाची ओळ आहे. ती कधी शून्य असते, कधी ऐन पावसाळ्यात, पंखासुद्धा कमी वेगाने फिरत असताना, शंभर-दोनशे रुपये घेऊन येते, आणि ती कोणत्या महिन्याच्या इंधनाची आहे, हे सामान्य ग्राहकाने ताडून पाहण्याचा मार्ग बिलावर नसतो.

माझ्या मते वीजबिलातील खरी उणीव दराच्या चढउतारात नसून, ग्राहकाला ज्या एका आकड्याची गरज असते तो आकडाच बिलावर छापलेला नसतो, यात आहे. तो आकडा म्हणजे शेवटच्या युनिटाची किंमत. १,८९४ रुपयांना १८० ने भागले, की सरासरी साडेदहा रुपये येते, आणि बहुतेक घरांत चर्चा त्याच आकड्यावर चालते. पण २०२४-२५ च्या दराने आमच्या घरात जळणारे पहिले युनिट शुल्कासह ६ रुपये ८२ पैशांना पडत होते आणि १८० वे युनिट १३ रुपये २९ पैशांना. गीझर अर्धा तास अधिक चालवला किंवा कमी चालवला, तर फरक पडत होता तो या तेरा रुपयांच्या दराने.

वातानुकूलन यंत्राचे उदाहरण घेतले, तर हे अधिक स्पष्ट होईल. एप्रिल-मे महिन्यांत ते रात्री सात तास चालते आणि महिन्याला दोनशेच्या आसपास युनिटे घेते. सरासरीच्या हिशेबाने चिरंजीवांनी मला सांगितले होते, की याचे दोन हजार शंभर रुपये होतील. प्रत्यक्षात आमची १८० युनिटे आधीच वापरलेली असतात. म्हणून २०२४-२५ च्या दराने दोनशेपैकी १२० युनिटे १३ रुपये २९ पैशांनी आणि उरलेली ८० तिसऱ्या टप्प्यात जाऊन सव्वाअठरा रुपयांनी लागत होती. बेरीज ३,०५४ रुपये. ते यंत्र विकत घेताना दुकानदाराने त्यावरचे तारे दाखवले होते, वर्षाला किती युनिटे लागतील याचे लेबलही दाखवले होते, पण ती युनिटे आमच्या बिलाच्या कोणत्या मजल्यावर जाऊन बसतील, हे सांगणे त्याच्याही हातात नव्हते.

उलट टोकाचे उदाहरणही फायलीत आहे. २०२४ च्या मे महिन्यात आम्ही चौघे गावी होतो, मुख्य बटण बंद होते आणि तरीही शुल्कासह १४८ रुपयांचे बिल आले. त्यात चूक काही नव्हती. स्थिर आकार हा जोडणीचा असतो, वापराचा नसतो. मात्र त्याच सुमारास सुरक्षा ठेवीची वेगळी मागणीही येते. २०२१ च्या नियमावलीनुसार ही ठेव दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी असावी लागते आणि बिल वाढले, की ठेवही वाढवून मागितली जाते. तिच्यावर व्याज मिळते, हे खरे. तरीही एकाच महिन्यात दोन बिले आल्यासारखे वाटून दरवर्षी सोसायटीतील दोनचार मंडळी ती मागणी घेऊन माझ्याकडे येतात आणि मी दरवर्षी तेच स्पष्टीकरण देते.

पुरवठ्याविषयी माझे मत चांगले आहे. राज्यात विजेचा तुटवडा असताना भारनियमनाचे वेळापत्रक आम्ही फ्रिजवर चिकटवले होते आणि मुलांचा अभ्यास मेणबत्तीवर झाला होता. आज आमच्याकडे वीज जाणे ही सांगण्यासारखी घटना असते. बिल सात दिवसांत भरले तर एक टक्का सूट मिळते आणि कागदी बिल सोडले तर त्याचीही सूट मिळते. मी कागद सोडलेला नाही, कारण कागद नसता तर हे परीक्षण लिहिताच आले नसते.

टाळेबंदीचा काळ या फायलीत वेगळा ओळखू येतो. मार्च २०२० च्या अखेरीस राज्यभर मीटरवाचन थांबले, हिवाळ्यातील वापरावरून सरासरी बिले निघाली आणि जूनमध्ये वाचन सुरू झाल्यावर तीन महिन्यांचे एकत्रित बिल हातात पडले. उन्हाळा, घरी बसलेली सगळी माणसे आणि १ एप्रिलपासून लागू झालेला नवा दर अशा तिन्ही गोष्टी त्या एका कागदावर एकवटल्या होत्या. त्या बिलात टप्प्यांचा लाभ महिन्यांनुसार विभागून दिलेला होता आणि मी तो तीन संध्याकाळी बसून पडताळला. माझी आकडेमोड जुळली. पण ज्या कागदाची सत्यता पटवून घ्यायला हिशेबनीसाला तीन संध्याकाळी लागतात, त्यावर इतरांनी विश्वास ठेवला नाही, याचे मला नवल वाटत नाही.

आता सिलिंडर. आमच्याकडे तो २०१६ पर्यंत होता, आणि तिन्ही सेवांत सर्वांत सरळ हिशेब त्याचाच होता, असे मी आजही म्हणेन. १४.२ किलो गॅस, एक किंमत, एक पावती. टाकीच्या गळ्याजवळ तिचे रिकामे वजन कोरलेले असते, त्यात १४.२ मिळवायचे आणि काट्यावर टाकी ठेवायची. खरेखोटे तिथल्या तिथे कळते. चाचणीची मुदतही तिच्यावरच लिहिलेली असते: इंग्रजी ए ते डी या चार अक्षरांपैकी एक अक्षर वर्षाच्या तिमाहीसाठी आणि पुढे सालाचे दोन आकडे. कोणत्याही वीजबिलाने किंवा गॅसबिलाने मला एवढा स्पष्ट जबाब दिलेला नाही.

वापराचे मोजमाप सासूबाईंकडे होते. नवी टाकी लावली, की त्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकोनात ‘गॅस’ असे लिहीत आणि टाकी संपली, की मागची पाने उलटून दिवस मोजीत. पस्तीस दिवस सर्वसाधारण, गणपतीच्या महिन्यात अठ्ठावीस. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने अनुदानित सिलिंडरांची संख्या वर्षाला सहा अशी ठरवली, तेव्हा या चौकोनांना एकाएकी महत्त्व आले. आम्हाला वर्षाला दहा लागत. सासूबाईंनी कडधान्ये रात्रभर भिजवल्याशिवाय कुकरमध्ये घालणे बंद केले, वरण-भात-भाजीचे तीन डबे एकाच वेळी लावणे सक्तीचे केले, चहा दोनदा करण्याऐवजी एकदा करून थर्मासमध्ये ठेवला आणि टाकी बेचाळीस दिवसांवर नेली. जानेवारी २०१३ मध्ये मर्यादा नऊ झाली, २०१४ च्या सुरुवातीला बारा. पण भिजवलेल्या कडधान्यांची शिस्त आमच्याकडे राहिली, ती आजही आहे.

अनुदानाने सिलिंडरच्या किमतीविषयीची आपली स्मरणशक्ती पार बिघडवून टाकली आहे. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत विनाअनुदान सिलिंडर १,२४१ रुपयांना होता आणि अनुदानित ४१४ रुपयांना. त्यानंतरच्या दशकात ज्या किमतींवर इतका गदारोळ झाला, त्यांपैकी एकही त्या १,२४१ पर्यंत पोहोचली नाही. परंतु त्या वेळी बहुतेक घरांनी तो आकडा खिशातून दिलाच नव्हता. जानेवारी २०१५ पासून देशभर पूर्ण किंमत द्यायची आणि अनुदान बँकेत जमा व्हायचे, अशी पद्धत आली. मे २०२० पासून बहुतेकांच्या खात्यात ते येणेच थांबले. कारण असे, की त्या वेळी बाजारभाव कोसळून अनुदानित किमतीइतका झाला होता आणि देण्यासारखा फरकच उरला नव्हता. पुढे बाजारभाव चढला. अनुदान मात्र परतले ते उज्ज्वला योजनेतील कुटुंबांपुरते. माझ्या दृष्टीने गेल्या पंधरा वर्षांतील स्वयंपाकाच्या गॅसची सर्वांत मोठी दरवाढ हीच आणि ती कोणत्याही एका दिवशी जाहीर झाली नाही.

सेवेबद्दल सांगायचे, तर आमच्या तेव्हाच्या वितरकाचा माणूस प्रत्येक टाकीमागे वीस-तीस रुपये वर मागत असे. घरपोच देण्याचा खर्च किमतीतच धरलेला असतो, हे मी त्याला पावती दाखवून सांगितले. त्याने पावतीकडे पाहिले, मग तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या जिन्याकडे पाहिले आणि काही बोलला नाही. उद्वाहक नसलेल्या इमारतीत तीस किलोचे ओझे खांद्यावर घेऊन आलेल्या माणसाशी मी पुन्हा कधी तो वाद घातला नाही. पैसे मी देत राहिले, पण ते मागण्याची पाळी त्याच्यावर यावी, हा वितरकाचा दोष होता, असे माझे मत आहे.

पाइपगॅस आमच्या इमारतीत आला तेव्हा ओट्याखालची जागा रिकामी झाली, नंबर लावणे संपले आणि ऐन पाहुण्यांत टाकी संपण्याची धास्तीही गेली. सोयीच्या बाबतीत या सेवेला मी पाचपैकी पाच गुण देते. शेगडीचे जेट बदलून घेतल्यावर पहिले काही दिवस ज्योत मंद वाटली, पण पोळ्यांना त्याची सवय झाली. किमतीच्या बाबतीत मात्र लोकांचा समज आणि वस्तुस्थिती यांत अंतर आहे.

सिलिंडर किलोवर आणि पाइपगॅस घनमीटरवर मोजला जातो, म्हणून त्यांची तुलना सहजी करता येत नाही. उष्णतेच्या हिशेबाने एका सिलिंडरमध्ये साधारण साडेसतरा घनमीटर पाइपगॅसइतकी ऊर्जा असते. माझी जाऊ टिटवाळ्याला अजून सिलिंडर वापरते आणि आम्ही दोघी हा हिशेब अधूनमधून मांडतो. एप्रिल २०२२ मध्ये राज्याने नैसर्गिक वायूवरील कर साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला, मुंबईत पाइपगॅस घनमीटरला ३६ रुपये झाला आणि साडेसतरा घनमीटरांचे ६३० रुपये झाले. त्याच दिवशी मुंबईत सिलिंडर ९४९ रुपये ५० पैशांना होता. तीनशे वीस रुपयांचा हा फायदा मी जाऊबाईंना थोड्या अभिमानानेच सांगितला होता. पण त्याच १ एप्रिलला देशातील वायूची सरकारने ठरवलेली किंमत २.९० डॉलरवरून ६.१० डॉलर झाली होती. सहा दिवसांत पाइपगॅस ४१ रुपये झाला आणि पंधरवड्याच्या आत ४५ रुपये ५० पैसे. कर उतरल्याचा आनंद आमच्या दोन महिन्यांच्या एका बिलापर्यंतही टिकला नाही.

ऑगस्टमध्ये दर ५२.५० होता, त्याच महिन्यात ४८.५० झाला, ऑक्टोबरमध्ये पुन्हा ५२.५० आणि नोव्हेंबरमध्ये ५४. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने वायूची किंमत कच्च्या तेलाशी जोडून तिला साडेसहा डॉलरची कमाल मर्यादा घातली आणि मुंबईतील दर ४९ वर आला. तेव्हा सिलिंडर १,१०२ रुपये ५० पैशांना होता, म्हणजे पाइपगॅस अजूनही सुमारे अडीचशे रुपयांनी स्वस्त होता. त्यानंतर मात्र सिलिंडर ऑगस्ट २०२३ अखेरीस दोनशे रुपयांनी आणि मार्च २०२४ मध्ये आणखी शंभर रुपयांनी उतरून ८०२ रुपये ५० पैसे झाला. पाइपगॅस ४७ रुपये धरला, तरी तेवढ्याच उष्णतेचे ८२२ रुपये होत होते. आता अभिमानाची पाळी जाऊबाईंची होती. एप्रिल २०२५ मध्ये सिलिंडर पुन्हा पन्नास रुपयांनी वाढला आणि आमचे पारडे समतोल झाले. तेव्हा पाइपगॅस सोयीसाठी जरूर घ्यावा. तो नेहमीच स्वस्त असतो, असे ऐकून घेऊ नये.

पाइपगॅसची एक तक्रार माझ्या पदरी आहे. मीटर आमच्या स्वयंपाकघराच्या गॅलरीत आहे, वाचन करणारा दुपारी येतो आणि २०२२ मध्ये सासूबाई सहा महिने नाशिकला असल्याने दुपारी घर बंद असे. सलग तीन बिले अंदाजाने आली, आमच्या नेहमीच्या सव्वीस घनमीटरांऐवजी अठराची. राहिलेली चोवीस घनमीटर चौथ्या बिलात एकदम आणि त्या वेळच्या चढ्या दराने लागली, जरी त्यातला बराचसा गॅस आम्ही दर कमी असताना वापरला होता. फरक अडीचशे रुपयांच्या आतला होता. तरीही तो परत मिळवण्यासाठी मला दोन अर्ज आणि एक फेरी करावी लागली, आणि दुसऱ्या अर्जासोबत तिन्ही कालखंडांच्या दरांचा तक्ता जोडल्यावरच कंपनीने रक्कम वळती केली. ज्यांचे घर दुपारी बंद असते, त्यांनी मीटरचे छायाचित्र काढून वाचन स्वतः कळवावे. तशी सोय आहे. मला ती त्या प्रकरणानंतर समजली. या बाबतीत मी पाचपैकी दोन गुण देते.

राहिला इंडक्शनचा प्रश्न, कारण तो मला वारंवार विचारला जातो. एक घनमीटर गॅसमध्ये अंदाजे दहा युनिटांइतकी उष्णता असते आणि तिच्यातील पंचावन्न ते साठ टक्के भांड्याला मिळते असे धरले, तर भांड्यात पोहोचलेले एक युनिट ४९ रुपयांच्या दराने सव्वाआठ ते नऊ रुपयांना पडते. इंडक्शनवर पंच्याऐंशी टक्के उष्णता भांड्याला मिळते. तेव्हा २०२४-२५ च्या दराने पहिल्या टप्प्यातील विजेवर तेच युनिट आठ रुपयांना आणि दुसऱ्या टप्प्यात साडेपंधरा रुपयांना पडत होते. म्हणून महिन्याला साठ-सत्तर युनिटांत भागवणाऱ्या एकट्या माणसाला इंडक्शन परवडते. आमच्या घरात तीच शेगडी जवळजवळ दुप्पट महाग ठरते. तिच्या जाहिरातीत बचतीचे जे आकडे येतात, ते कोणाच्या बिलावरून काढलेले असतात, असा मला प्रश्न पडतो.

२०२५ मध्ये वीजदरांचा घोळ पुन्हा झाला. मार्चअखेरीस आलेला आदेश आयोगाने स्वतःच स्थगित केला, जूनच्या शेवटी फेरविचाराचा आदेश आला आणि १ जुलैपासून तो लागू झाला. पहिल्या शंभर युनिटांचा दर त्यात उतरला, आणि ज्यांच्याकडे स्मार्ट मीटर आहे अशा घरांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैसे ते एक रुपया सूट मिळू लागली. आमच्याकडे मीटर बदलला आहे. आमचा गीझर मात्र सहाला लागतो आणि आठपर्यंत चौघांच्या अंघोळी झालेल्या असतात. त्यामुळे सवलतीच्या वेळेत हलवता येण्यासारखी दोनच कामे उरली, धुण्याचे यंत्र आणि मिक्सर. सासूबाईंनी इडलीचे वाटण सकाळी दहाला करण्याचे मान्य केले आहे. धुण्याचे यंत्रही आता दहानंतर लागते. दोन्ही मिळून महिन्याला पंधरा-वीस युनिटे होतात, म्हणजे सूट फार तर वीस रुपये; गेल्या महिन्याच्या बिलावर ती सतरा रुपये दिसली आणि मी तो कागद फायलीत लावला.